सहकारमहर्षी, चॅपेल हिल

अमेरिकन विद्यापीठांना अधूनमधून एक उमाळा येतो. क्रीडाविभाग आणि बाकीचा कॅम्पस यांच्यात म्हणे दुरावा आलाय, तो मिटवला पाहिजे. मग समिती नेमली जाते, कार्यशाळा होते, डोनट संपतात आणि परस्पर सहकार्याच्या आराखड्याची पीडीएफ सगळ्यांच्या इनबॉक्सात येऊन पडते.

आपल्याकडे जिमखाना म्हणजे जिन्याखालची खोली, आणि किल्ली शिपायाकडे. तिकडे ते संस्थान असतं. बजेट स्वतःचं, स्टेडियम स्वतःचं, शिकवणीवालेही स्वतःचे. कित्येक राज्यांत सरकारी पगारपत्रकात सगळ्यात वरचं नाव राज्यपालाचं नसतं, विद्यापीठाच्या कोचचं असतं. अशा संस्थानिकाने इतिहास विभागाच्या दारात जाऊन ‘काही मदत हवी का’ विचारावं, ही अपेक्षा गोडच म्हणायची.

पण सहकार्य होतं, आणि असं होतं की आपल्या साखर कारखानदारांनीही वही-पेन घेऊन बसावं. ठिकाण: चॅपेल हिलचं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ. मायकेल जॉर्डनचं कॉलेज. (जॉर्डन या प्रकरणाच्या बऱ्याच आधी बाहेर पडला होता, त्याला यात ओढू नये.) १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं तिथला आफ्रिकन आणि आफ्रो-अमेरिकन अभ्यास विभाग काही खास कोर्स चालवत होता. त्यांना तास नव्हते, हजेरी नव्हती, मास्तरही नव्हते. शेवटी एक पेपर लिहून द्यायचा, बस्स. नावं नोंदवायची, विषय द्यायचे, पेपर गोळा करायचे, हे सगळं विभागाच्या सेक्रेटरीबाई करत. ग्रेडही त्याच देत, सहसा ए नाहीतर वरचा बी. दर्जा पाहून कुणाला नाउमेद करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. २०१४ साली माजी सरकारी वकील केनेथ वेनस्टीन यांचा चौकशी अहवाल आला, त्यात लाभार्थी निघाले ३,१०० हून अधिक. त्यातले जवळपास निम्मे खेळाडू.

अहवालातल्या ईमेल मुळातून वाचाव्यात अशा आहेत. एका खेळाडू मुलीचा पेपर आला. बाईंनी तिच्या अभ्यास-सल्लागाराला विचारलं, हिला डी चालेल म्हणालात ना? कारण संदर्भ एकही नाही, विषयाशी काडीचा संबंध नाही आणि पेपर आधी कुठेतरी वापरलेला दिसतोय. उत्तर आलं, डी चालेल, तेवढाच पुरे. उत्तर देणाऱ्या सल्लागार तत्त्वज्ञान शिकवत आणि विद्यापीठाच्या नीतिशास्त्र केंद्राच्या संचालक होत्या. हे मी रचलेलं नाही. माझी कल्पनाशक्ती इतकी धावत नाही.

२००९ मध्ये बाई निवृत्त झाल्या, असे कोर्स जवळपास आटले आणि फुटबॉलवाल्यांच्या पायाखालची वाळू सरकली. अभ्यास-सल्लागारांनी प्रशिक्षकांपुढे चक्क एक स्लाइड लावली: आजवर आपण मुलांना अशा कोर्सांना घालत होतो, जिथे वर्गात जावं लागत नव्हतं, नोट्स काढाव्या लागत नव्हत्या, जागंही राहावं लागत नव्हतं. ते कोर्स आता उरलेले नाहीत. त्या सत्रात संघाची सरासरी चारपैकी २.१२१ वर आली. दहा वर्षांतली नीचांकी! एक कारकून निवृत्त झाल्याने अख्ख्या फुटबॉल संघाची बुद्धी घसरल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

यात कुणाचं गेलं? या मुलांना सांगितलेलं होतं की खेळाचा पगार मिळणार नाही, त्याबदल्यात शिक्षण मिळेल. स्टेडियमची तिकिटं विकली गेली, टीव्हीचे करार झाले, प्रशिक्षकांचे पगार वाढले. मुलांच्या वाट्याला आला बी-प्लस. त्यातली बरीच मुलं कृष्णवर्णीय, आणि त्यांना जे शिकवलं नाही तो विषयही त्यांचाच इतिहास. मेरी विलिंगहॅम नावाच्या वाचनतज्ज्ञ बाईंनी या मुलांच्या वाचनाबद्दल उघड बोलायला सुरुवात केली, तेव्हा विद्यापीठाला तातडीने त्यांच्या आकडेवारीतल्या चुका दिसल्या. अठरा वर्षं न दिसलेले कोर्स मात्र त्या चुकांहून मोठे होते.

२०१५ मध्ये मान्यता देणाऱ्या संस्थेने विद्यापीठाला वर्षभर प्रोबेशनवर ठेवलं. आता खरा दणका कॉलेज-खेळांची नियामक संस्था एनसीएए देणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. तिथे विद्यापीठाने आधी मान्य केलेल्या वेनस्टीन अहवालापासून हात झटकले आणि वेगळाच युक्तिवाद मांडला: हे कोर्स फक्त खेळाडूंसाठी नव्हतेच, सर्व विद्यार्थ्यांना खुले होते. म्हणजे फसवणूक असलीच तर ती सर्वसमावेशक होती! एनसीएएने ऑक्टोबर २०१७ मध्ये निकाल दिला. निव्वळ खेळाडूंना मिळालेली खास सवलत असं याला म्हणता येत नाही, सबब कारवाई नाही. फलक, करंडक, विजय, सगळं जागच्या जागी राहिलं. क्रीडाविभाग आणि कॅम्पस यांची इतकी एकजूट कुठल्या कार्यशाळेतून साधणार?

नियमभंग काहीच सापडला नाही असं मात्र नाही. विभागप्रमुख प्राध्यापक आणि सेक्रेटरीबाई यांनी चौकशीत सहकार्य केलं नाही, एवढं सिद्ध झालं. बाई पुढे बोलल्या, म्हणून सुटल्या. प्राध्यापकांना शिक्षा झाली: पुढची पाच वर्षं कुठल्याही कॉलेजला त्यांना क्रीडाविभागात घ्यायचं असेल, तर आधी एनसीएएपुढे कारण द्यावं लागेल. आफ्रिकन अभ्यासाचे हे प्राध्यापक तेव्हा निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती.