रावणाचं निदान: नवशिक्यांसाठी

आधी जागा निवडा. नांदुऱ्यात महामार्गाला लागून १०५ फुटी हनुमान उभा आहे, त्याच्या पायाशी बैठक मारा. रावणाला तपासायचं तर हा साक्षीदार उत्तम. त्यानं रावण झोपलेला पाहिला, अशोकवनात सीतेला विनवताना आणि लगेच दोन महिन्यांची मुदत देऊन धमकावताना पाहिला, भर दरबारातही पाहिला. इतकी निरीक्षणं एखाद्या डॉक्टरला सहसा मिळत नाहीत.

आता यादी उघडा. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या ‘डीएसएम-५’मध्ये व्यक्तिमत्त्व विकार मोजून दहा. तोंडंही दहा! नवशिक्याचा हात इथंच शिवशिवतो. एकेका तोंडाला एकेक विकार चिकटवून तो चहाला निघतो. आवरा. ‘मल्टिपल पर्सनॅलिटी’ असंही लिहू नका; तो आजार वेगळ्याच प्रकरणात मोडतो. शिवाय सुंदरकांडात झोपलेल्या रावणाला वाल्मीकींनी एकच तोंड आणि दोनच हात दिलेत. बाकीची नऊ बहुधा ड्युटीपुरती.

पहिला संशय आत्मप्रीतीच्या विकाराचा घ्या. नऊपैकी पाच लक्षणं लागतात आणि ती सापडायला वेळ लागत नाही. देव, दानव, गंधर्व यांच्या हातून मरण नको असा वर मागताना या गृहस्थानं माणसाचं नावच घेतलं नाही, कारण माणूस त्याच्या हिशेबी गवताची काडी. इथं ठळक अक्षरांत ‘हो’ लिहा.

समाजविरोधी विकाराला मात्र कागदपत्रं जास्त लागतात. वर्तनाची गडबड पंधराव्या वर्षाआधीच सुरू झालेली हवी. रावणाचं बालपण कुणी नीट लिहून ठेवलेलं नाही; थेट दहा हजार वर्षांची तपश्चर्याच येते. आता एवढं तप करणाऱ्याच्या नावापुढं ‘उतावळा’ कसं लिहाल? सीतेवर त्यानं बळजबरी केली नाही, म्हणून ‘संयमी’ लिहायलाही धावू नका. तसं केलंस तर डोक्याची शकलं होतील, असा शाप होता. भीतीला सद्गुणाच्या रकान्यात बसवायचं नाही.

खरी अडचण पुढं आहे. विकार म्हणजे घट्ट, न वाकणारा साचा. घरी, दरबारात, सगळीकडं तोच. आणि हा मनुष्य ऐकतो! हनुमानाला मारायचा हुकूम देऊन झाल्यावर बिभीषण म्हणाला, दूताला मारत नसतात. रावणानं ते मानलं आणि प्रकरण शेपटीवर भागवलं. पुढं त्याच बिभीषणाला अपमान करून घालवलं, तेही खरं. इंद्रजित पडल्यावर तो ऊर फुटेस्तोवर रडला आणि त्याच दुःखात सीतेला मारायला धावला. सहवेदना नाही म्हणावं, तर मुलासाठीचे अश्रू कुठं लिहायचे? माझ्या मते इथं वही काही काळ मिटावी. खुद्द हनुमानाला दरबारात त्याचं तेज पाहून वाटलं होतं, हा अधर्मानं वागला नसता तर देवलोकही राखू शकला असता. त्यानं रोगाचं नाव घेतलं नाही, वागण्याला नाव ठेवलं.

आणखी एक अट नवशिके हमखास विसरतात: वागणं त्या माणसाच्या समाजाच्या अपेक्षेबाहेरचं हवं. कुठला समाज धरता? अकोला जिल्ह्यात, पातूर तालुक्यातल्या सांगोळ्यात रावणाची दगडी मूर्ती आहे आणि दसऱ्याला तिथं तिची पूजा होते. तुमची वही तिथं नेऊन वाचून दाखवायची हौस असेल, तर परतीची गाडी आधी विचारून ठेवा.

दुसरं मत हवं असेल तर नांदुऱ्यातच कुणालाही विचारा. फी लागत नाही. ‘त्याले काई रोग-बिग नव्हता भाऊ, मस्ती आलती.’ हे निदान कुठल्याच यादीत नाही. पण यात एक सोय आहे: सीतेला पळवल्याचा जाब रावणालाच द्यावा लागतो, आजाराला पुढं करून सुटता येत नाही.

तरी कागद भरायचाच असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली ‘आयसीडी-११’ घ्या. तिनं जुने ठरावीक प्रकार बहुतेक मोडीत काढून सौम्य, मध्यम, तीव्र एवढंच विचारलंय. घरातल्या मोठ्या काकांचं नाव त्या कागदावर लिहू नका, मोह होतोच. उपचार बोलण्याचा, महिनोन्‌महिने चालणारा, आणि रुग्णाची स्वतःची बहुतेकदा काहीच तक्रार नसते, तक्रार घेऊन येतात ते इतरच. म्हणून रावणाला पुढची तारीख देताना एवढंच पाहा, की ती दसऱ्यानंतरची नको.