पॅकिंगला काय लावलं?

नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा असो की अहमदपूर, एखाद्या गाडीच्या इंजिनाचं हेड उतरलं की शेजारच्या टपरीवरून दोन-तीन तज्ज्ञ चहाचा कप हातात घेऊनच उगवतात. मिस्त्रीनं पाना उचलायच्या आत प्रश्न येतो, "पॅकिंगला काय लावनार?"

तज्ज्ञांत दोन पंथ आहेत. शेलॅकवाले जुने. पळसा-बोरीच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात, तीच स्पिरिटात विरघळवून पूर्वी तांबं-ॲस्बेस्टॉसच्या पॅकिंगला फासत. त्यावर ट्रक चालले, हे खरंच आहे. दुसरे सिलिकॉनवाले. ट्यूब जितकी पिळाल तितकं इंजिन निर्धास्त, अशी यांची श्रद्धा.

कारच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण २ बार असतो. डिझेल इंजिनाच्या सिलिंडरात जळणाच्या क्षणी तो १०० बारच्या पुढे जातो. हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगला तोच अडवायचा असतो; तिथं सिलिकॉनची काय मिजास! उलट जादा लावलेलं आत दाबलं जातं, सुटून तेलाच्या बारीक वाटेत अडकतं आणि दुखणं बेअरिंगपर्यंत पोचतं. आजच्या बहुपदरी स्टीलच्या पॅकिंगवर, म्हणजे गॅस्केटवर, लेप कारखान्यातूनच येतो. 'कोरडं बसवा' असं कंपनीच्या पुस्तकात बहुधा लिहिलेलंही असतं, पण ते पुस्तक वाचणारा टपरीवर चहा पीत नसावा.

पॅकिंग उडतं ते बहुतेकदा इंजिन तापून हेड वाकल्यामुळे. मग इंजिन रेडिएटरमधलं पाणी गुपचूप पितं आणि पांढरा धूर करून उडवतं. ज्या लातुरात एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला सुमारे ५ लाख लिटर, तिथं असल्या इंजिनावर खटलाच भरायला हवा.

जाणता मिस्त्री हेडवर सरळपट्टी ठेवून फीलर गेज सरकवून बघतो. केसाएवढी फट निघाली तरी हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, जातं. मग ब्लॉक खरवडून साफ, बोल्टांच्या भोकांतलं तेल-पाणी बाहेर, आणि मधल्या बोल्टापासून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्यानं आवळणी. हे सगळं कंटाळवाणं असल्यानं तज्ज्ञमंडळी याच वेळी दुसरा चहा सांगतात.

गाडीमालकाचा जीव मात्र ट्यूबमध्येच अडकलेला. "पैसे दिलेत, तर लावा की जरा!" मिस्त्री वाद घालत नाही. टायमिंग कव्हर आणि ब्लॉक जिथं मिळतात, त्या सांध्यावर पुस्तकातच सांगितलेला ठिपका देतो आणि उरलेली ट्यूब मालकाच्या डिकीत टाकतो.