कर्ता सध्या उपलब्ध नाही

देवनहळ्ळीला 2008 साली विमानतळ सुरू झाला आणि बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या मराठी मुलांच्या आईवडिलांच्या पुण्याहून चकरा वाढल्या. त्याबरोबर इंग्रजी व्याकरणाची फुकट उजळणीही. 'युअर फ्लाइट हॅज बीन डिलेड' असा मेसेज आला, की निवृत्त मास्तर विचारणारच, "पण उशीर केला कुणी?"

"बाबा, पॅसिव्ह आहे ते. त्यात कुणी केलं ते सांगायचंच नसतं," सून समजावते.

मास्तरांना ते पटत नाही. 'रामाने रावण मारला' या कर्मणी प्रयोगात क्रियापद रावणाच्या बाजूने फिरलं, तरी राम 'ने' लावून हजर आहेच की! इंग्रजीत तोच राम 'बाय'चं बोट धरून शेवटी येतो, आणि बहुतेकदा येतच नाही.

"पण शाळेच्या नोटिशीत तुम्हीच 'सूचित करण्यात येते' लिहायचात ना?"

मास्तर चहा मागवतात.

'हॅज'चा आणखी एक हट्ट आहे. त्याला 'काल' खपत नाही. मराठीत 'मी तुला काल सांगितलं आहे' बिनदिक्कत चालतं, म्हणून मास्तर सुनेला 'आय हॅव टोल्ड यू यस्टरडे' ऐकवतात. इंग्रजीत 'यस्टरडे' आला, की 'हॅव'ने मुकाट्याने उठायचं. उरतं नुसतं 'आय टोल्ड यू'.

याचा वस्तुपाठ जवळच्या देवनहळ्ळी किल्ल्यात मिळतो. मूळ मातीचा किल्ला 1501चा, 1791मध्ये तो कॉर्नवॉलिसच्या फौजेने घेतला. साल ठरलेलं, म्हणून 'वॉज बिल्ट', 'वॉज कॅप्चर्ड'. पुरातत्त्व खात्याच्या ठरावीक निळ्या पाटीवर मात्र 'हॅज बीन डिक्लेअर्ड' असतं. स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं ठरलं आणि आजही आहे, एवढाच मुद्दा. कायदा 1958चा, पण जाहीर कधी केलं आणि कुणी केलं, याचा पत्ता नाही.

पुढच्याच वाक्यात सूर बदलतो. जो कोणी स्मारक पाडेल, हलवेल, त्याला इजा करेल, त्यात बदल करेल, ते विद्रूप करेल, धोक्यात आणेल किंवा त्याचा गैरवापर करेल, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सात क्रियापदं, साती कर्तरी! शिक्षा द्यायची, तर कर्ता हवाच.

आपल्याकडच्या किल्ल्यांवर तो शोधावाही लागत नाही. बदाम कोरून, त्यात बाण घुसवून, दोन्ही कर्त्यांनी आपापली नावं ठळक लिहिलेली असतात.