सॅमनला निघालेल्या कुटुंबप्रमुखासाठी काही सूचना

सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि काही वर्षांनी अंडी घालायला बरोबर आपल्याच नदीत परततो. एवढ्या प्रवासात तो कुणाचंही मत घेत नाही. कुटुंबप्रमुखाला ही सोय नाही. म्हणून सहकुटुंब सॅमन गरवायला अलास्काला जाण्याचा बेत करणाऱ्याने आधी हे ध्यानात घ्यावं, की मासा हा या मोहिमेतला सगळ्यांत सरळ स्वभावाचा सदस्य आहे. तो कधी येतो, कुठून जातो, काय खातो, हे सगळं सरकारदरबारी नोंदलेलं आहे. तुमच्या मेहुण्याबद्दल अशी नोंद कुठेही सापडणार नाही.

प्रस्तुत मार्गदर्शन सिएटलच्या आसपास, रेडमंड-बेलव्ह्यू भागात राहणाऱ्या आणि ज्यांचे आईवडील यंदा सहा महिन्यांसाठी आलेले आहेत अशा मराठी कुटुंबांसाठी आहे. इतरांनी आपल्या जबाबदारीवर वाचावं.

नदी कीनाय. सिएटलहून अँकरेजला विमानाने साडेतीन तास, तिथून सोल्डोट्ना गावापर्यंत गाडीने तीन तास. हिमनद्यांनी दळून आणलेल्या दगडाच्या पिठामुळे पाण्याला मोरपंखी रंग असतो, आणि तो फोटोत खरा वाटत नाही. मे १९८५ मध्ये लेस अँडरसन यांनी याच नदीत ९७ पौंड ४ औंसांचा किंग सॅमन गळाने पकडला. तो विक्रम अजून मोडलेला नाही. ही माहिती घरात सांगू नये. एकदा सांगितली की बाबांच्या डोक्यात सत्त्याण्णव पौंड पक्के बसतात आणि मग सहा पौंडांचा मासा त्यांना बाजारात वर घातलेल्या मासळीसारखा वाटतो. किंग आता इतका रोडावला आहे की अलीकडच्या हंगामांत कीनायवर तो पकडायला बंदीच आली. तुम्ही जाणार ते सॉकायसाठी. त्याचं वजन साधारण सहा-सात पौंड, मांस लालभडक, आणि चवीत त्याच्या तोडीचा सॅमन शोधावा लागेल.

आता तारीख. कीनायला सॉकायची मोठी लाट जुलैच्या मध्याला सुरू होते आणि महिनाअखेरीपर्यंत जोरात असते. म्हणजे बहुधा आषाढ. श्रावण लागायच्या आत खाऊन घ्यायचा महिना, याहून चांगला योग कोणता? पण याच दिवसांत आषाढी एकादशी येते आणि गाईडकडे उरलेली एकमेव तारीख नेमकी तीच असते. बरं, ऑगस्ट धरावा, तर ऑगस्टात कोहो येतो. कोहो आमिषावर झडप घालतो, नवशिक्याला सोपा जातो, पोरांना मजा येते. पण ऑगस्टात श्रावण असतो. पुढे गणपती, मग पितृपक्ष, आणि तोवर अलास्कात थंडी पडते. श्रावण पाळणाऱ्या घराने कोहो नावाचा मासा निसर्गात नाही असंच समजून चालावं. ‘श्रावणात खायचा नसतो, पकडायला हरकत नाही’ हा युक्तिवाद कुणाला आईसमोर करून पाहायचा असेल, तर तो तिकिटं काढण्यापूर्वी करावा.

तारीख ठरत आली की बाबा मूलभूत मुद्दा काढतील. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात आणि मग होड्या लोटतात. ‘पावसाळा म्हणजे विणीचा काळ. तेव्हा माशाच्या वाटेला जायचं नाही, हे आमच्याकडे अडाण्यालाही कळतं,’ असं ते म्हणतील. हा मुद्दा चोख आहे. सॅमन नदीत सापडतो तो विणीला निघालेला असतानाच, त्यामुळे याला उडवाउडवीचं उत्तर चालत नाही. इथे सोनार पुढे करावा. अलास्काचं मासे आणि शिकार खातं नदीत सोनार, म्हणजे ध्वनिलहरींचं यंत्र, लावून वर जाणारा मासा मोजतं आणि हंगामात रोजचा आकडा रोज जाहीर करतं. पुरेसा मासा विणीला वर गेला, तरच पकडणाऱ्यांना हात सैल सोडतात. माणशी दिवसाला तीन सॉकाय ही नेहमीची मर्यादा. भरपूर मासा आला की हुकूम काढून ती सहावर नेतात, आणि मासा कमी पडला तर नदी बंदही करतात. हे हुकूम ऐन हंगामात, म्हणजे तुमचे पैसे भरून झाल्यावर निघतात. त्याला इलाज नाही. मात्र बाबा बँकेतून निवृत्त झालेले असतील तर सोनारचं खातं त्यांच्याकडे सोपवावं. ते रोज सकाळी चहाबरोबर आकडा वाचून दाखवतील आणि कालच्यापेक्षा कमी भरला की तुमच्याकडे बघतील. बघू द्यावं. त्यांचा जुलै छान जातो.

गाईड जानेवारीतच धरावा. माणशी साधारण अडीचशे ते चारशे डॉलर पडतात, वर पंधरा-वीस टक्के बक्षिसी. ‘एवढ्या पैशांत कॉस्टकोत किती मासा येईल?’ हा प्रश्न घरात विचारला जाणारच. पुष्कळ येईल, असं खरं उत्तर द्यावं आणि विषय बदलावा. ज्याला फक्त मासा हवा आहे त्याने कॉस्टकोतच जावं, यात कमीपणा काही नाही. गाईडला मात्र सगळं खरं सांगावं: किती माणसं, कुणाचे गुडघे दुखतात, कुणी आयुष्यात गळ हातात धरलेला नाही. बाबा लहानपणी मालवणच्या खाडीत गरवायचे हेही सांगावं, म्हणजे कुणावर लक्ष ठेवायचं ते त्याला आधीच कळेल. पहिल्या खेपेला अर्ध्या दिवसाचीच सहल घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. पूर्ण दिवसाचा आग्रह मेहुणा धरतो आणि पाचव्या तासाला ‘अजून किती वेळ?’ हेही तोच विचारतो.

गाईडला पाठवायच्या पहिल्या पत्रात पहिला प्रश्न स्वच्छतागृहाचा असावा. बऱ्याच नावांत ते नसतं, वाटेत कुठल्या धक्क्यावर आहे ते विचारून ठेवावं. दुसरा प्रश्न वेडरचा. वेडर म्हणजे छातीपर्यंत येणारी, पाणी आत न येणारी विजार, खांद्यावरून पट्टे आणि पायात जड बूट. ती साडीवरून चढत नाही. पंजाबी ड्रेसवरून चढते, पण ओढणी आत गेली तर तिचं पुढे काय होतं ते संध्याकाळीच कळतं. ती चढवून झाली, पट्टे आवळून झाले, की घरातल्या निदान एकाला वर दिलेल्या पहिल्या प्रश्नाची आठवण होते. तेरा वर्षांखालच्या मुलांनी उघड्या नावेत लाइफ जॅकेट घातलंच पाहिजे, हा तिथला कायदा आहे. मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत का, हा झाला तिसरा प्रश्न.

परवाना ऑनलाइन मिळतो. बाहेरच्यांना एका दिवसाचे १५ डॉलर, तीन दिवसांचे ३०. सोळा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. आई म्हणेल, ‘मी नुसती बघणार आहे, माझ्यावर कशाला खर्च?’ तरी तिचा काढावा. तासाभराने ‘आण इकडे, तुला जमत नाहीये’ असं म्हणून गळकाठी ओढून घेणारी व्यक्ती तीच असते, आणि नदीकाठी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला ‘ती नुसती बघत होती’ हे पटवणं अवघड जातं.

डबा हा स्वतंत्र विषय आहे. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं, चिवडा, काहीही न्यावं. गाईडलाही द्यावं, तो पुरी आवडीने खातो आणि दुसरी मागतो. केळं मात्र नेऊ नये. नावेवर केळं आलं की मासा लागत नाही, अशी तिकडच्या मासेमारांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे आणि काही गाईड ती फार मनावर घेतात. आता तारीख एकादशीची, म्हणजे आईच्या पिशवीत डझनभर केळी असणारच. शिवाय वेफर्स. ते केळ्याचेच, आणि खोबरेल तेलातले. इथे दोन श्रद्धा समोरासमोर येतात. मांजर आडवं गेल्यावर जिथे घरचं कुणी पुढे पाऊल टाकत नाही, तिथे परक्याच्या समजुतीला हसणं शोभत नाही. केळी धक्क्यावरच, गाडीत, सीटखाली ठेवावीत. वेफर्सचा उल्लेखच करू नये.

एवढं झाल्यावर पाणी येतं. आणि इथे गाईड सगळ्यांची निराशा करतो, कारण सॉकाय आमिष खात नाही. समुद्रात तो बारीकसारीक जीव खाऊन वाढतो आणि नदीत शिरला की खाणंच सोडतो. त्याचा उपास खरा असतो. आईला हे जरूर सांगावं, तिचं मत एकदम बदलतं. मग तो गळाला लागतो कसा? मासे तोंड उघडझाप करत प्रवाहाविरुद्ध जात असतात. दोरा त्यांच्या वाटेत आडवा वाहत आला की तो तोंडातून सरकत जातो आणि शेवटी गळ जबड्याच्या कडेला अडकतो. गळ पाठीत, पोटात, शेपटीत, कुठेही लागला तर मासा तिथल्या तिथे सोडून द्यायचा. तोंडात लागला तरच तो तुमचा. म्हणजे जो खायला तोंड उघडत नाही त्याला तोंडातच पकडायचं. असा नियम करणाऱ्यांनी कधीकाळी आयकर खात्यात नोकरी केली असावी.

कृती अशी. काठाशी उभं राहायचं. दोरा हातभर लांब नव्हे आणि मैलभर लांब नव्हे, काठीच्या दीडदोन पट सोडायचा. वरच्या बाजूला अलगद टाकायचा, शिसं तळाच्या गोट्यांवर टुकटुक करत खाली येतं ते हाताला कळू द्यायचं, दोरा समोरून खाली गेला की उचलायचा आणि पुन्हा टाकायचा. पुन्हा. परत. तासभर हेच. मध्येच टुकटुक थांबते आणि दोरा जागच्या जागी जड होतो. नवशिक्याला वाटतं दगड आहे. दगड असला तर तो तिथेच राहतो. मासा असला तर काठीचं टोक पाण्याकडे वाकतं, रिळातून दोरा किंचाळत सुटतो आणि वीस हातांवर काहीतरी चांदीसारखं हवेत उसळतं. या क्षणी रीळ फिरवायचं नाही, माशाला पळू द्यायचं. हे गाईड तीनदा ओरडून सांगतो. बाबा फिरवतात. दोरा तुटतो. बाबा म्हणतात, सत्त्याण्णव पौंडांचा होता. (तुम्ही सांगितलंच शेवटी.)

गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये. सॉकाय प्रवाहाचा जोर टाळत काठाला लागून, हात-दीड हात पाण्यातून जातो. खाडीत पोहलेला माणूस मात्र, मोठा मासा खोल पाण्यात, या हिशेबाने कमरेपर्यंत शिरतो आणि लांबवर दोरा फेकत राहतो. गाईड काठावरून शांतपणे सांगतो, ‘सर, मासे तुमच्या मागे आहेत.’ याचं भाषांतर बाबांना करून सांगताना सूर जपावा.

गाईडचे पैसे वाचवून रशियन रिव्हरच्या संगमावर स्वतःच जाण्याची कल्पना मेहुणा मांडेल. तिथे जुलैत माणसं पंगतीसारखी खांद्याला खांदा लावून उभी असतात आणि या प्रकाराला कॉम्बॅट फिशिंग असंच नाव आहे. शेजाऱ्याचा गळ तुमच्या टोपीत, तुमचा त्याच्या बाहीत. शिवाय तपकिरी अस्वलं येतात, त्यांना परवाना लागत नाही आणि त्यांचा नंबर नेहमी पहिला असतो. मेहुण्याला जाऊ द्यावं. मुलांना नाही.

मासे मिळाले की धक्क्यावरच्या टेबलाशी खरा प्रसंग उभा राहतो. गाईडची सुरी कल्ल्यामागे शिरते, कण्याला घासत शेपटीपर्यंत जाते आणि पंधरा सेकंदांत केशरी-लाल फिले बाजूला पडतो. मग तो मासा उलटतो, दुसरी बाजू कापतो आणि उरलेलं सगळं, डोकं, कणा, शेपटी, नदीत फेकायला उचलतो. गाबोळी मात्र वेगळ्या डब्यात ठेवतो, कारण ऑगस्टात कोहोला ती आमिष म्हणून लागते. ‘अरे, गाबोळी माशाला घालतोय हा?’ हे आई मराठीतच विचारेल आणि आवाजामुळे गाईडला समजेल. त्याच्या हाताला धरून डोकं काढून घ्यायची वेळ येऊ देऊ नये. आधीच सांगून ठेवावं: फिले नकोत, आडव्या तुकड्या हव्यात, डोकी हवीत, गाबोळी हवी. बहुतेक गाईड तुकड्यांना तयार होतात. डोक्यांच्या बाबतीत ते एकदा तुमच्याकडे आणि एकदा आईकडे बघतात, मग पिशवी देतात. तळताना चिंच-मालवणी मसाल्याचा नेहमीचा लेप पुरे. सॉकायला स्वतःचं तेल भरपूर असतं, त्यामुळे सुरमईएवढं तेल तव्यावर ओतलं तर घरातला धुराचा अलार्म वाजतो. डोक्याच्या कालवणाला कोकम.

परतताना मासा गोठवून, हवा काढलेल्या पाकिटांत बांधून देणाऱ्या जागा गावात आहेत. अँकरेजच्या विमानतळावर अशी खोकी घेतलेले लोक रांगेने दिसतात. खोकं पन्नास पौंडांच्या आत बसवावं आणि चिकटपट्टी चौफेर मारावी. डोक्यांची पिशवी तळाशी न ठेवता सगळ्यांत वर ठेवावी. तपासणीत खोकं उघडलंच, तर सात डोकी एकदम वर बघताना दिसतील आणि अधिकारी विचारेल, हे कशासाठी? उत्तर द्यायला आई पुढे होईल. विमानाला तासाभराहून जास्त वेळ असेल तर होऊ द्यावं. कमी असेल तर तिला बाबांच्या मागे, आणि केळ्यांची पिशवी तिच्या हातात.