ताडपत्री विरुद्ध वारा : नवशिक्यांसाठी सहा पायऱ्या

गाडीला लवचीक आवरण लावून हवेचा अवरोध कमी करायचाय? अँटॉप हिलला राहत असाल तर निम्मं काम झालंच समजा. शेजारीच वडाळ्याचं ट्रक टर्मिनल आहे, आणि ताडपत्रीवर ज्याला मत नाही असा माणूस तिथे शोधून सापडायचा नाही.

१. साहित्य : ताडपत्री, रेक्झिन, जुनी योगा मॅट आणि फ्लेक्स. फ्लेक्स विकत घेऊ नका. ज्या नेत्याचा वाढदिवस होऊन गेलाय त्याचा बघा. मात्र नेता निवडून आलाय का, याची आधी चौकशी करा.

२. वारा : स्टँडचा पंखा पुरे. पण पंख्याची हवा गरगरत येते. शहाळेवाल्याकडून स्ट्रॉ आणा, त्यांची जाड मोळी बांधून पंख्यासमोर धरा. पलीकडून हवा बरीच सरळ निघते.

३. मोजमाप : थर्माकोलचा ट्रक खेळण्यातल्या चाकांवर पंख्याकडे तोंड करून ठेवा. त्याच्या नाकाला बांधलेला दोरा कप्पीवरून खाली सोडा, टोकाला लिंबू बांधा आणि लिंबू स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टेकवा. वारा ट्रकला मागे रेटतो, दोरा लिंबाला वर ओढतो. काट्यावर जितके ग्रॅम घटले, तितका अवरोध. सरबत निकालानंतर.

४. शिस्त : आधी उघडा ट्रक मोजा, मग आवरण लावलेला. शेजारचे काका म्हणतील, ‘‘कोपरेपण गोल करून टाक की!’’ त्याने अवरोध खरंच घटतो, म्हणूनच ऐकू नका. मग श्रेय आवरणाला द्यायचं की काकांना, हे ठरणार नाही.

५. डॉल्फिन : माक्स क्रामर या जर्मन इंजिनिअरने १९५७च्या सुमारास डॉल्फिनच्या कातडीवरून रबराचं आवरण बनवलं आणि पाण्यातला अवरोध निम्म्याहून कमी झाल्याचं सांगितलं. पुढे इतरांच्या चाचण्यांत तो आकडा काही उतरला नाही. शिवाय हवा पाण्याच्या सुमारे ८०० पट विरळ. पाण्याने दबणारं रबर हवेला दाद देत नाही. योगा मॅटकडून फार आशा ठेवू नका.

६. निकाल : सैल ताडपत्री फडफडते आणि अवरोध उलट वाढवते. टर्मिनलवरचा कुठलाही क्लीनर हे पंख्याशिवाय सांगेल : ‘‘दोरी आवळ!’’ वेग दुप्पट झाला की अवरोध चौपट होतो, म्हणून आवळलेल्या दोरीचा फायदा महामार्गावरच. संध्याकाळी सात वाजता अँटॉप हिलच्या सिग्नलला मोजलंत, तर कुठल्याही आवरणाचा अवरोध जवळजवळ शून्य भरेल. अनुदानाच्या अर्जात हाच आकडा सगळ्यात वर लिहा.