ओटीवरची मालिका

आमच्या कोकणातल्या केळशीत संध्याकाळी सात ते साडेदहा टीव्ही बायकांच्या ताब्यात असतो, ही पुरुषमंडळींची जुनी तक्रार आहे. तक्रारीचा मजकूरही ठरलेला. काय त्या मालिका बघता, तीच ती भांडणं, तीच ती कारस्थानं, एक गोष्ट चार-चार वर्षं चघळतात, गेलेली माणसं परत येतात आणि शेवटी हाती काही लागत नाही. सगळं खरं आहे. मी मालिका बघते आणि तरीही सांगते, अक्षर न् अक्षर खरं आहे. पण हे बोलणारे लोक त्याच वेळी ओटीवर बसून मोबाइलमध्ये काय बघत असतात? अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूक.

भांडणं, कारस्थानं, चघळणं आणि गेलेल्याचं परत येणं, सगळं तिथंही आहेच. फक्त ती मालिका इंग्रजीत आहे, म्हणून तिला राजकारणाचा अभ्यास म्हणायचं.

हा अभ्यास किती खोलवर गेलाय याचा पुरावा ११ सप्टेंबर २०२४ ला मिळाला. गौरीपूजनाचा दिवस. चाकरमानी मुंबईहून आलेले, बायका पहाटेपासून चुलीशी. सकाळी साडेसहाला तिकडे फिलाडेल्फियात कमला हॅरिस आणि डोनाल्ड ट्रम्प वादाला उभे राहिले आणि इकडे रेंज जिथं येते त्या पाखाडीच्या वळणावर अर्धी वाडी जमली. गौरीसाठी फुलं-पत्री आणायला गेलेला माणूस पाऊण तासानं रिकाम्या हातानं आत आला आणि म्हणाला, “अहो ऐकलंत का, ट्रम्प म्हणतोय स्प्रिंगफील्डमध्ये बाहेरून आलेले लोक कुत्री-मांजरं खातात!” काकूंनी पुरणावरून नजरही न काढता सांगितलं, “आधी आंघोळ करून या.”

आता मालिकावालीच्या नजरेनं बघते. २०२४ चा तो सगळा सीझन मला वाया घालवल्यासारखा वाटला. २७ जूनला बायडन वादात अडखळले. १३ जुलैला पेनसिल्व्हेनियातल्या बटलरमध्ये ट्रम्प यांच्या कानाला गोळी चाटून गेली. २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली. चोवीस दिवसांत एवढा ऐवज! आमच्याकडे एवढ्यावर दोन वर्षं निघाली असती. गोळी लागल्यावर ऑपरेशन थिएटरच्या दारावरचा लाल दिवा, आयसीयूच्या काचेतून बघणं, मग कोमा, मग शुद्धीवर येऊन बायकोलाच “आपण कोण?” असं विचारणं. तिथं काय झालं? माणूस मिनिटभरात उभा राहून मूठ उगारतो आणि दोन दिवसांनी कानाला पट्टी लावून पक्षाच्या अधिवेशनात हजर. आणि बायडन यांनी घरच्या किल्ल्या दुसरीकडे सोपवल्या त्या एका पत्रावर, भर रविवारी. रविवार असून महाएपिसोडसुद्धा नाही! असा लेखक आमच्या चॅनलवर आठवडाभर टिकला नसता.

आमच्या मालिका फार चांगल्या आहेत असं नाही हं. ‘आई कुठे काय करते’ मधली अरुंधती अनिरुद्धच्या घरातून बाहेर पडली तेव्हा केळशीतल्या कितीतरी माजघरांत खरोखरीची चर्चा झाली. आपण काय केलं असतं, कुठं गेलो असतो, असं बायका एकमेकींना विचारत होत्या. पुढं तीच मालिका नोव्हेंबर २०२४ पर्यंत ताणली, आणि शेवटी शेवटी तर अरुंधतीला कुणीतरी घरी सोडावं असं वाटायला लागलं. ‘ठरलं तर मग’ मध्ये वकील नायकाची एकच खुनाची केस वर्षानुवर्षं चालली. मुंबई-पुण्याचे लोक याला हसतात. कोकणात कुणी हसत नाही. आजोबांनी लावलेला बांधाचा दावा नातवाच्या हयातीत निकाली निघाला तर आम्ही पेढे वाटतो. तेव्हा ती एक मालिका आमच्या दृष्टीनं वास्तववादी.

आणि खलनायिकेला शिक्षा शेवटच्या आठवड्यातच होणार, तोवर तिनं काहीही करावं, हे आम्हाला पहिल्या भागापासून माहीत असतं. ओटीला माहीत नव्हतं. ३० मे २०२४ ला न्यूयॉर्कच्या ज्युरीनं ट्रम्प यांना चौतीस आरोपांत दोषी ठरवलं, तेव्हा आमचे अण्णा ठामपणे म्हणाले, “संपला!” आतून वहिनी म्हणाली, “मतदानाला अजून पाच महिने आहेत, आत्ताच कसा संपेल?” पुढं १० जानेवारी २०२५ ला शिक्षा सुनावली ती अशी, की तुरुंग नाही, दंड नाही. वहिनी काही बोलली नाही. तिनं फक्त आवाज वाढवला, टीव्हीचा.

या दोन मालिकांची सरमिसळ मात्र जुनी आहे. अमेरिकेत १९८० साली ‘डॅलस’ नावाची मालिका अशा जागी थांबली की जे. आर. या बेरकी तेलमालकावर कुणीतरी गोळ्या झाडल्या, आणि कुणी झाडल्या ते कळेना. मार्चपासून देश ताटकळला. त्यातच नट-नट्यांच्या संघटनेनं संप केला, पुढचे भाग लांबले आणि ऐन निवडणुकीत हाच प्रश्न प्रचारात शिरला. रिपब्लिकन पक्षानं जे. आर.ला डेमोक्रॅटनं मारलं असे बिल्ले वाटले. ४ नोव्हेंबरला रोनाल्ड रेगन निवडून आले, म्हणजे त्याच संपवाल्या संघटनेचे एके काळचे अध्यक्ष. आणि २१ नोव्हेंबरला कळलं की गोळ्या मेहुणीनं झाडल्या होत्या. मेहुणीनं! आमच्यातल्या कुणालाही विचारलं असतं तरी एप्रिलातच सांगितलं असतं.

१९९२ मध्ये तर उपाध्यक्ष डॅन क्वेल भाषणात ‘मर्फी ब्राउन’ या मालिकेतल्या बाईवर घसरले. तिनं लग्नावाचून मूल होऊ दिलं म्हणून. बाई काल्पनिक, मूल काल्पनिक, संताप तेवढा खरा. नोव्हेंबरात क्वेल यांचाच पक्ष घरी गेला. पुढं २००४ मध्ये ‘द अप्रेन्टिस’ आली. टेबलामागं बसलेला एक बिल्डर दर आठवड्याला एकाला नोकरीवरून काढतो, एवढंच तिचं कथानक. ट्रम्प नावाचा तो बिल्डर पुढं व्हाइट हाउसमध्ये गेला आणि त्यानं तेच चालू ठेवलं. याला मी सातत्य म्हणते.

पण अमेरिकेलाच का हसायचं? आपल्या अमोल कोल्ह्यांना शिरूरनं मे २०१९ मध्ये खासदार केलं तेव्हा ते टीव्हीवर संभाजी महाराज साकारत होते, आणि ती मालिका फेब्रुवारी २०२० पर्यंत चालू होती. २०२४ ला समोर पुन्हा आढळराव पाटीलच, पण या वेळी धनुष्यबाणाऐवजी घड्याळ घेऊन. नट तेच, फक्त कपडेपटवाल्यानं वेश बदलला. आणि स्मृती इराणींनी तर वर्तुळच पूर्ण केलं. मालिकेतून मंत्रालयात, २०१९ ला अमेठी जिंकली, २०२४ ला अमेठी गेली, आणि २९ जुलै २०२५ ला त्यांची मालिकेतली तुळशीबाई पुन्हा विराणींच्या दारात हजर. अमेरिकेचा माणूस टीव्हीवरून सत्तेत गेला. आमची बाई जाऊन परतही आली. यात पुढं कोण, ते तुम्हीच ठरवा.

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार. दिवाळी नुकतीच संपलेली, डब्याच्या तळाशी चकलीचे तुकडे. सकाळपासून ओटीवर पेनसिल्व्हेनिया चालू. तिथली एकोणीस मतं, जिंकायला दोनशे सत्तर, असं सगळं पाठ. दुपारची पानं वाढेपर्यंत पेनसिल्व्हेनिया गेलं आणि आतून आजींनी विचारलं,

“कोण आलं रे निवडून?”

“ट्रम्प.”

“परत? तो गेला होता ना?”

“चार वर्षांनी परत आला.”

“तुळशीचा मिहीर आला होता तसा,” आजी म्हणाल्या आणि आमटी वाढायला लागल्या.

ओटीवरून लगेच सुधारणा आली, की एकदा हरून मधली टर्म सोडून परत आलेला ट्रम्प हा दुसराच, पहिला ग्रोव्हर क्लीव्हलंड, १८९२ साली. बरोबर आहे. पण आजींना जे एका वाक्यात कळलं, त्यासाठी क्लीव्हलंडला उठवायची गरज नव्हती.

त्या निवडणुकीत आणखी एक खेळ रंगला होता, ‘आपलं माणूस’ शोधण्याचा. कमला हॅरिस यांच्या आजोळच्या तुलसेंद्रपुरम् या तमिळ खेड्यात देवळात पूजा झाल्या, फलक लागले. ट्रम्प यांच्या जोडीच्या उमेदवाराच्या पत्नी उषा व्हान्स यांच्या पूर्वजांचं गाव म्हणून आंध्रातलं वड्लूरु चर्चेत आलं. केळशीत महालक्ष्मीपुढं नारळ फोडावा असा कुणीच त्या यादीत नव्हता, याचं ओटीला फार वाईट वाटलं. वास्तविक आपला एक माणूस तिथं आहे. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी २०१८ मध्ये उभे राहिले, पक्षांतर्गत लढतीतच हरले, नंतर डेट्रॉइटमधून २०२२ ला काँग्रेसवर निवडून गेले. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचे आरोप मांडून मोकळेही झाले. मराठीत ‘ही श्रींची इच्छा’ हे आत्मचरित्र लिहिणारा माणूस अमेरिकेच्या अध्यक्षावर महाभियोग आणतो, यापरता मसाला कुठला? पण ओटीवर त्यांचं नाव नाही. ते साइड रोलमध्ये आहेत ना.

आणि या मालिकेचा आमच्याशी खरा संबंध येतो, तो भाग तर कुणीच बघत नाही. भारतीय आंब्याला अमेरिकेत १९८९ पासून बंदी होती. मार्च २००६ मध्ये बुश दिल्लीला आले, अणुकराराच्या गडबडीत आंब्याचंही जमलं आणि २००७ मध्ये आंबा तिकडे पोचला. अट अशी की आधी विकिरण करायचं, तेही अमेरिकेच्या निरीक्षकासमोर. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण करून गेलेल्या पंधरा खेपा कागदातल्या गफलतीवरून तिकडच्या विमानतळांवर अडल्या. परत आणणं परवडेना, आंबा तिथंच नष्ट केला. त्याच ऑगस्टअखेर भारतीय मालावर पन्नास टक्के आयातशुल्क लागलं आणि कोळंबीवाल्यांची झोप उडाली. केळशीपासून हर्णै बंदर किती लांब आहे? पण आंबा आणि कोळंबी म्हणजे ओटीच्या लेखी जाहिराती. तेवढ्यात उठून तंबाखू मळायची. हां, सप्टेंबरात एच-वन-बी व्हिसाची फी एक लाख डॉलर झाली तेव्हा मात्र ओटी ताठ बसली, कारण त्यात जावई होते.

घरच्या मालिकेचं काय? दापोली मतदारसंघात २०१४ ला राष्ट्रवादीचे संजय कदम जिंकले, २०१९ ला शिवसेनेचे योगेश कदम. २०२४ ला पुन्हा हेच दोघे समोरासमोर, आता दोन वेगळ्या शिवसेनांतून. योगेश कदम जिंकले, राज्यमंत्री झाले आणि काही महिन्यांत संजय कदमही शिंद्यांच्याच शिवसेनेत दाखल. इतका बेमालूम शेवट ‘डॅलस’लाही जमला नव्हता. आमची जिल्हा परिषद तर मार्च २०२२ मध्ये मुदत संपून विसर्जित झाली आणि नंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्याच हाती राहिली. निवडणूकच नव्हती, सदस्यच नव्हते. पेनसिल्व्हेनियाची एकोणीस मतं तोंडपाठ असलेल्या ओटीवर मी त्या काळात एकदा सहज विचारलं, आपल्या गटातून जिल्हा परिषदेवर सध्या कोण आहे? तिघांनी तीन नावं सांगितली. तिन्ही ठामपणे.

माझी खरी हरकत एवढीच आहे. आमच्या मालिकेआधी पाटी येते, की यातली पात्रं आणि घटना काल्पनिक आहेत. बाई ती पाटी वाचून बसते. दहा वाजता रडते, साडेदहाला डोळे पुसून दुधाला विरजण लावते. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानं खांब आडवे केले, कित्येक आठवडे लाइट नव्हती, तरी कुणाचं अडलं नाही. आणि चित्रीकरण तर मार्चपासूनच बंद होतं, लाइट आली तेव्हा कथानक होतं तिथंच उभं. पाच मिनिटांत सगळ्या जणी रुळावर. ओटीला पाटी दाखवत नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरात नेवाडाची मतमोजणी लांबली तेव्हा इथं दोन सख्खे शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले. दोघांनाही नेवाडात मत नाही, माणूस नाही, आणि विमानाचं तिकीट तर नाहीच नाही.

सध्या तिसऱ्या टर्मची चर्चा चालू आहे. ट्रम्प यांच्या दुकानात ‘ट्रम्प २०२८’ लिहिलेल्या टोप्या २०२५ मध्येच विकायला आल्या. परवा अण्णांनी समजावून सांगितलं, की काळजीचं कारण नाही, तिथं १९५१ पासून घटनेतच लिहिलंय, दोन वेळा निवडून आला की संपलं, तिसरी टर्म नाही म्हणजे नाही. वहिनीनं ते नीट ऐकून घेतलं.

“लिहिलेलं असेल हो,” ती म्हणाली, “पण ‘चार दिवस सासूचे’ अकरा वर्षं चालली होती.”