दीड मीटरची चैन

मॉडेम आणि राउटर यांना जोडणारी इथरनेट केबल बहुधा दीड-दोन मीटरची असते. कॅट-५ई ही साधी केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वाहून नेते. घरातला प्लॅन १०० मेगाबिटचा असला तरी ग्राहकाला कॅट-८ हवी असते: ४० गिगाबिटची, ३० मीटरच्या आतली, डेटा सेंटरसाठी घडवलेली. विणलेले आवरण आणि खोक्यावर ‘गेमिंग’ एवढे असले की भाव चढतो. प्लॅन जागचा हलत नाही. कॅट-७ला अमेरिकेच्या टीआयए या मानक संस्थेने मान्यता दिलेली नाही. दुकानदाराने दिली आहे. विचारायचे ते वेगळेच. आत तारांच्या चारही जोड्या आहेत का (दोनच असल्या तर वेग १०० मेगाबिटला अडकतो), आणि तारा निखळ तांब्याच्या की तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या? हे खोक्यावर छापलेच असले, तर बारकोडाखाली, मुंगीच्या अक्षरांत.